आमचे आवडते मैदान

भीमजयंतीची मिरवणूक शांततेत पार पडली, मंडप उतरला, आणि दुसऱ्या दिवशी म्हणजे १५ एप्रिलला रात्री आम्ही मंडळाचा जमाखर्च घेऊन बसलो होतो. वाणिज्य शाखेची पदवी असल्याने हे काम दरवर्षी आमच्याकडेच येते. ढोलताशाचे बिल आणि पाण्याच्या टँकरची पावती जुळत नव्हती. जळगावचे एप्रिलचे ऊन रात्रीही भिंतीतून बाहेर येत होते. इतक्यात अमेरिकेतून भाच्याचा फोन आला.

भाचा बोस्टन शहरी नोकरीला आहे. जयंतीच्या शुभेच्छा द्यायला एक दिवस उशीर झाला म्हणून आधी त्याने माफी मागितली आणि मग म्हणाला, “मामा, मागच्या आठवड्यात इथले बेसबॉलचे मैदान पाहून आलो. फेनवे पार्क. १९१२ सालचे आहे. इथली माणसे या मैदानाबद्दल अशी बोलतात, जशी आपली माणसे गावातल्या विहिरीबद्दल, पाराबद्दल बोलतात.”

त्याने सांगितलेली हकीकत मोठी गमतीची होती. या मैदानाच्या डाव्या अंगाला लगेच रस्ता आहे. तिकडे मैदान वाढवायला जागाच नव्हती. म्हणून तिथे उंच भिंत घातली, ती आज ३७ फूट उंच आहे. हिरवी रंगवल्यामुळे तिला लोक ‘हिरवा राक्षस’ म्हणतात. दुसऱ्या मैदानात जो फटका सहज बाहेर गेला असता तो या भिंतीला आपटून परत येतो, आणि जो फटका एरवी झेलला गेला असता तो कधी कधी इथे भिंतीच्या वर जातो. शिकागोच्या रिग्ली फील्ड या १९१४ सालच्या मैदानाच्या भिंतीवर तर १९३७ पासून वेल चढवले आहेत. चेंडू त्या वेलात अडकून दिसेनासा झाला तर फलंदाजाला दोन टप्पे मिळतात, असा तिथला खास नियमच आहे. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी जशी सगळीकडे सारखी, तशी तिथे आतल्या चौकोनाची मापे सारखी असतात. पण बाहेरचे मैदान प्रत्येक शहरात निराळे. त्यामुळे प्रत्येक गावच्या प्रेक्षकाला आपले मैदान जगावेगळे वाटते.

हे ऐकताना आम्हाला हसू आले. कारण आम्ही धुळ्याच्या ज्या वस्तीत वाढलो तिथेही असेच नियम होते. वस्तीच्या कडेला नाल्याकाठी एक मोकळे आवार होते. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला पत्र्याची घरे. नाल्यात चेंडू गेला तर फलंदाज बाद, आणि शिवाय चेंडू त्यानेच काढून आणायचा. पत्र्यावर गेला तर दोन धावा. एका म्हातारीच्या अंगणात गेला तर त्या दिवशीचा खेळ संपला, कारण चेंडू परत मिळत नसे. या मैदानाला नाव नव्हते, पण आम्हा पोरांना त्याचा उंचसखलपणा तोंडपाठ होता. कोणत्या खड्ड्यावर चेंडू टाकला म्हणजे तो आत वळतो, हे आमच्या वस्तीतल्या गोलंदाजाला माहीत असे. पाहुण्या संघाला नसे.

“मामा, तुमचे आवडते मैदान कोणते?” भाच्याने विचारले.

आम्ही काही विचार न करता सांगून टाकले, “वानखेडे.”

फोन संपला, पण प्रश्न घरात राहिला. वडील, म्हणजे आमचे नाना, खाटेवर पडून ऐकत होते. पत्नी दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडत होती. कन्या नववीची परीक्षा संपवून मोकळी झाली होती. प्रत्येकाने आपापले मैदान सांगितले, आणि त्या एका रात्रीत आम्हाला कळले की आवडीचे मैदान विचारणे म्हणजे माणसाला त्याचे आयुष्य विचारण्यासारखे आहे.

आधी आमचे सांगतो. वानखेडे स्टेडियम १९७४ मध्ये बांधले गेले. त्याच्याआधी मुंबईचे कसोटी सामने ब्रेबॉर्नवर होत. ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, १९३७ साली सुरू झालेले. तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात बिनसले, आणि संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी पायी जाण्याच्या अंतरावर दुसरे मैदानच उभे केले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिला कसोटी सामना झाला आणि वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. याच मैदानात फेब्रुवारी १९९३ मध्ये विनोद कांबळीने इंग्लंडविरुद्ध २२४ धावा केल्या. तेव्हा आम्ही तेरा-चौदा वर्षांचे होतो. वस्तीत ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. रेल्वेच्या गर्दीतून बॅट घेऊन लोंबकळत येणारा मेकॅनिकचा पोरगा द्विशतक मारतो, हे पाहून आमच्यापैकी प्रत्येकाला वाटले की फळीची का असेना, पण बॅट आपल्याही हातात आहे.

२ एप्रिल २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याबद्दल नव्याने काय सांगावे? श्रीलंकेच्या २७४ धावा, गंभीरच्या ९७, धोनीच्या नाबाद ९१ आणि शेवटचा षटकार. तो सामना आम्ही जळगावात चौकातल्या पडद्यावर पाहिला.

प्रत्यक्ष वानखेडेत मात्र आम्ही आयुष्यात एकदाच बसलो, आणि तेही रिकाम्या. २०१४ च्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही एक दिवस मुंबईत थांबलो होतो. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर मुंबई आणि जम्मू-काश्मीर यांचा रणजी सामना सुरू झाला. प्रेक्षक बोटांवर मोजण्याइतके. चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलचा आवाज भिंतीपलीकडून सतत येत होता. दुपार कलली तशी समुद्राकडून वारा सुटला. टीव्हीवर ते मैदान म्हणजे नुसता जल्लोष. त्या दिवशी मात्र चेंडू बॅटला लागल्याचा आवाज आम्हाला वरच्या रांगेत ऐकू आला. तीन दिवसांनी जळगावला परतल्यावर वर्तमानपत्रात वाचले की जम्मू-काश्मीरने चाळीस वेळा रणजी जिंकणाऱ्या मुंबईला मुंबईतच हरवले. आम्ही मुंबईच्या बाजूचे. पण खरे सांगतो, त्या बातमीने आम्हाला आनंद झाला. मोठ्या घरच्या अंगणात लहान घरच्या पोराने पाय रोवला की आमच्यासारख्याला बरे वाटते.

आमचे ऐकून घेतल्यावर नाना उठून बसले. म्हणाले, “तुम्ही टीव्हीत मैदान पाहता. मैदान पायाला लागलं पाहिजे. मैदान एकच, कोल्हापूरचं खासबाग.”

नानांचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तरुणपणी ते कुस्ती खेळत. खानदेशात यात्रा म्हटली की तमाशा, बारागाड्या आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल ठरलेली. पहिली कुस्ती नारळावर, मग पाच रुपये, अकरा रुपये असे इनाम चढत जाई. नानांनी बऱ्याच गावच्या दंगली मारल्या. पण एका गावी त्यांना सकाळपासून बसवून ठेवले आणि संध्याकाळपर्यंत जोड लावून दिली नाही. पंचांनी कारण सांगितले नाही, आणि नानांनीही विचारले नाही, कारण दोघांनाही ते ठाऊक होते. गावाचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. ते गाव आता पुष्कळ बदलले आहे, आणि नानांनीही ते मनातून काढून टाकले आहे, असे ते म्हणतात. पण ही गोष्ट त्यांनी आम्हाला पहिल्यांदा सांगितली तेव्हा आम्ही चाळिशीत होतो, यावरून काय ते समजावे.

पुढे एका नातेवाइकाच्या लग्नाच्या निमित्ताने नाना कोल्हापूरला गेले आणि खासबागेत कुस्त्या पाहिल्या. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहणासाठी परदेशी गेले असता त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले, आणि तसे मैदान आपल्या पैलवानांसाठी असावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ मध्ये खासबाग तयार झाले. योगायोग पाहा, भाचा ज्या फेनवे पार्कचे कौतुक करत होता ते त्याच वर्षीचे! मध्ये तांबड्या मातीचा हौदा आणि त्याच्याभोवती गोलाकार, वाटीसारखे चढत गेलेले बसायचे कट्टे. कुठेही बसा, पुढच्या माणसाचे डोके आड येत नाही. हौद्याची मातीही साधी नसते. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवावी लागते. मगच ती अंगाला लागली तरी बाधत नाही.

“तुम्हाला काय विशेष वाटले?” आम्ही विचारले. आम्हाला वाटले, नाना कोणा मोठ्या पैलवानाचे नाव घेतील. ते म्हणाले, “मी जाऊन बसलो. माझ्या एका बाजूला एक पाटील होता, दुसऱ्या बाजूला तालमीतला मुसलमान वस्ताद. कोणी मला विचारलं नाही, तू कोण. गोल मैदानाला वरची आळी, खालची आळी नसते.”

ज्या राजाने १९०२ मध्येच आपल्या संस्थानात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, आणि १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांना आपले पुढारी म्हणून समाजापुढे उभे केले, त्या राजाच्या मैदानात नानांना हा अनुभव यावा यात नवल नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेला लागून असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला भीषण आग लागली. ती बातमी पाहताना नाना एकच विचारत होते, “मैदान शाबूत आहे ना?”

पत्नी तोपर्यंत गप्प होती. तिला खेळाची आवड नाही, असा आमचा समज. ती म्हणाली, “माझं मैदान शिवाजी पार्क.”

कन्या म्हणाली, “आई, तू कधी गेलीस तिथे क्रिकेट पाहायला?”

“क्रिकेट नाही पाहिलं. मी तिथे झोपले आहे.”

वाचक भगिनींना याचा अर्थ सांगायला नको. पत्नी लहानपणी तिच्या आईबरोबर दरवर्षी ६ डिसेंबरला जात असे. जळगाव स्टेशनवर गाडीत पाय ठेवायला जागा नसे. बरोबर फडक्यात बांधलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. दादरला उतरून रांगेत उभे राहायचे, चैत्यभूमीवर माथा टेकायचा आणि रात्री शिवाजी पार्कच्या मंडपात चादर अंथरून पडायचे. शेजारी विदर्भातली बाई, पलीकडे मराठवाड्यातली. एकमेकींची भाकरी चाखायची. सकाळी पुस्तकांच्या दुकानांतून फिरायचे. तिच्या आईला अक्षरओळख नव्हती, पण दरवर्षी ती एक पुस्तक विकत घेई आणि मुलीला म्हणे, “गाडीत वाचून दाखव.” पत्नी शिकली, आज अंगणवाडीत सेविका आहे. तिच्या शिक्षणाची पहिली शाळा ते मैदान, असे ती म्हणते.

शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ मध्ये शिवरायांचे नाव दिले गेले. सुमारे २८ एकरांचे हे मैदान. त्याला उंच भिंत नाही, भोवताली बसायला बुटका कट्टा आहे. एकाच वेळी अनेक संघांचे सामने चालतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा असतो. इथेच रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला घडवले. ज्या मैदानात एरवी उद्याचे खेळाडू घाम गाळतात, त्याच मैदानात वर्षातून एकदा लाखो माणसे आपल्या बापाला भेटायला येऊन विसावा घेतात. इतके सगळे ज्याच्या अंगावर घडते ते मैदान जगात दुसरे कोणते असेल?

आता राहिली कन्या. तिने एका क्षणात सांगितले, “डी. वाय. पाटील.” नेरुळचे हे स्टेडियम २००८ सालचे. पण तिला त्याचे बांधकाम ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. पावसाने सामना उशिरा सुरू झाला, भारताच्या मुलींनी २९८ धावा केल्या, शफाली वर्माने ८७ काढल्या, दीप्ती शर्माने पाच बळी घेतले आणि हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक पहिल्यांदा भारतात आणला. त्या रात्री बारा वाजून गेल्यावर आमची कन्या गल्लीत फटाके उडवायला गेली आणि आम्ही तिला रागावलो नाही. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत मुलांबरोबर गोलंदाजी करते. आधी मुले तिला फक्त चेंडू आणायला पाठवत. आता पहिले षटक तिलाच देतात.

मग ती म्हणाली, “पण बाबा, डी. वाय. पाटील दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर आपलं विहाराजवळचं. तिथे मी खेळते ना.”

आमच्या हातातला जमाखर्चाचा कागद खाली ठेवला गेला. का ते सांगतो.

विहाराशेजारची ती मोकळी जागा १३० फूट लांब आणि ८० फूट रुंद. कॉलनीतला तेवढाच खुला भूखंड. त्या जागेवर मध्यभागी ६० बाय ४० फुटांचे सभागृह बांधावे, भोवती पेव्हर ब्लॉक आणि कुंपणाची भिंत घालावी, असा ठराव मंडळाने केला होता. त्या ठरावाचा मसुदा आमच्या हस्ताक्षरात आहे, आणि मंडळाचा सचिव म्हणून निधीसाठीच्या अर्जावर सही आमचीच आहे. लिहिताना आम्ही त्या जागेला ‘विनावापर पडून असलेली जागा’ असे म्हटले होते. रोज संध्याकाळी ज्या जागेवर पंचवीस-तीस मुले खेळतात, जिथे आमची स्वतःची मुलगी गोलंदाजी करते, त्या जागेला आम्ही विनावापर लिहिले! कचेरीत वीस वर्षे टिपणी लिहून आमची नजर अशी झाली की ज्याची पावती फाटत नाही तो वापरच नव्हे.

त्या रात्री झोप आली नाही. बाळू पालवणकरांची गोष्ट आठवत राहिली. वाचकांपैकी ज्यांना ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात महिना तीन-चार रुपयांवर मैदानाची निगा राखायच्या कामाला होते. जाळे बांधायचे, खेळपट्टी लोळवायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. त्यांचा डावखुरा चेंडू इतका वळे की हिंदू संघाला त्यांना घ्यावेच लागले. पण मैदानात ज्याच्या चेंडूवर सगळे नाचत, त्याला चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे करूनही त्यांना कर्णधारपद मिळाले नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळाले आणि त्याच वर्षी संघ जिंकला. पुढे राजकारणात बाळूंची वाट निराळी झाली. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. पण मैदानावर त्यांनी जे मिळवले ते कोणत्याही निवडणुकीने पुसले जात नाही.

त्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना झाला, लाला अमरनाथांनी भारताचे पहिले कसोटी शतक तिथेच ठोकले. मैदान सुंदर, इमारत सुंदर. परंतु त्या काळी जिमखान्याचे सभासदत्व हिंदी माणसाला नव्हते. मैदान कितीही देखणे असले तरी दार कोणासाठी उघडते, हे पाहिल्याशिवाय त्याला आवडते म्हणता येत नाही.

भाच्याच्या फेनवे पार्कचीही तीच कथा. आमचे बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल संघांत एकही काळा खेळाडू घेतला जात नसे. १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूची फेनवेवर चाचणी झाली आणि त्याला परत पाठवले गेले. त्यालाच ब्रुकलिनच्या संघाने घेतले आणि १५ एप्रिल १९४७ रोजी एबेट्स फील्ड या मैदानावर तो उतरला. शिव्या ऐकल्या, धमक्या ऐकल्या, पण तो खेळला. बोस्टनच्या संघाने पहिला काळा खेळाडू घेतला तो सगळ्यांच्या शेवटी, १९५९ मध्ये. आज दर १५ एप्रिलला तिथले सगळे खेळाडू रॉबिन्सनचा ४२ क्रमांक पाठीवर लावून खेळतात. आमच्या जयंतीचा दुसराच दिवस.

आणि ज्या एबेट्स फील्डवर हे घडले त्याचे पुढे काय झाले? संघ दुसऱ्या शहरी निघून गेला. १९६० मध्ये मैदान पाडून तिथे राहण्याच्या इमारती बांधल्या. घरे गरजेचीच होती. पण त्या इमारतींच्या आवारात पाटी लागली, ‘येथे चेंडू खेळू नये’. ही गोष्ट भाच्याने सांगितली तेव्हा आम्ही हसलो होतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, तशीच पाटी रंगवायला आम्हीच निघालो आहोत.

आमच्या कॉलेजच्या दिवसांतली एक आठवण आहे. शहरातल्या एका टेनिस बॉल स्पर्धेत आमच्या वस्तीने ५१ रुपये प्रवेश फी भरून संघ उतरवला. कर्ण्यावर बोलणारा माणूस आमच्या संघाचे नाव न घेता हसत म्हणाला, “आता येत आहे जयभीमवाल्यांची टीम.” आमचा कर्णधार क्षणभर थांबला, मग आम्हाला म्हणाला, “बरोबर बोलला. चला.” उपांत्य सामन्यात आम्ही चार धावांनी हरलो. पण पुढच्या वर्षी वर्गणी काढून आम्ही निळे बनियन शिवले आणि पाठीवर तेच नाव छापले. तो संघ नाल्याकाठच्या त्या आवारात तयार झाला होता. आज तिथे पक्की दुकाने आहेत. त्यानंतर वस्तीचा संघ कुठल्या स्पर्धेत उतरल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही टेप घेऊन त्या भूखंडावर गेलो. कन्येने एक टोक धरले. मापे मांडली. कबड्डीच्या पुरुषांच्या मैदानाला १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे साधारण ४३ बाय ३३ फूट जागा लागते. खेळपट्टीला ६६ फूट. सभागृह मध्यभागी न घेता मागच्या भिंतीला लावून ६० बाय ३० फुटांचे केले तर पुढे १३० बाय ५० फुटांची मोकळी जागा उरते. दोन मजले केले तर २४०० ऐवजी ३६०० चौरस फूट मिळतात. वर अभ्यासिका, खाली सभागृह. खर्च मात्र वाढतो. म्हणून वरचा मजला निधी येईल तसा पुढे बांधायचा.

मंडळाची बैठक झाली तेव्हा आम्ही आधी आमची चूक कबूल केली. ती सोपी गेली नाही. एक ज्येष्ठ कार्यकर्ते चिडून म्हणाले, “लग्नाच्या हॉलचं भाडं भरताना गरिबाचं कंबरडं मोडतं. तुम्हाला पोरांच्या खेळाचं पडलंय.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांनी स्वतः दोन मुलींची लग्ने कर्ज काढून केली आहेत. दुसरे एक म्हणाले, “निधी आला आहे तोवर बांधून घ्या, नकाशा बदलत बसलात तर तोही जाईल.” हेही खरेच. आम्ही कागदावर दोन्ही नकाशे काढून ठेवले. खूप वादावादी झाली. शेवटी दारात उभ्या असलेल्या मुलांकडे बोट दाखवून एक आजी म्हणाल्या, “हे पोरं सांजच्याला इथे नसले तर कुठे राहतील, ते बी लिहा ना भाऊ कागदावर.”

थोड्या मतांच्या फरकाने नवा नकाशा मंजूर झाला. जुन्या अर्जात दुरुस्ती करून आम्ही तो पुन्हा दिला. ‘विनावापर’ हा शब्द काढून तिथे ‘वस्तीतील मुलामुलींच्या दैनंदिन खेळासाठी वापरात असलेली जागा’ असे लिहिले. निधी लांबण्याची भीती अजून आहे, आणि ते ज्येष्ठ कार्यकर्ते आमच्याशी अजून नीट बोलत नाहीत. त्यांच्याकडे आम्ही जाणार आहोत. सभागृह होणे हीदेखील आमचीच जबाबदारी आहे, हे आम्ही विसरलेलो नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीवस्तीत विहारे झाली, पुतळे झाले, सभागृहे झाली. ती व्हायलाच हवीत. पण पुढचा ठराव लिहिण्याआधी एकदा संध्याकाळी पाच वाजता त्या जागेवर जाऊन उभे राहा आणि कोण खेळते आहे ते मोजा. मुली किती आहेत तेही मोजा. वानखेडे आपल्याला बांधता येणार नाही, खासबागही नाही. परंतु आपल्या पोरांच्या पायाखालची पन्नास फूट माती राखणे आपल्या हातात आहे.

गेल्या रविवारी भाच्याचा पुन्हा फोन आला. त्याने विचारले, “मामा, मग वानखेडेच ना?”

आम्ही म्हणालो, “नाही रे. दुसरे एक आहे. तू जळगावला आलास की दाखवतो. तुझी बहीण पहिला चेंडू टाकेल. जपून खेळ, तिथे डाव्या बाजूला विहाराची भिंत आहे आणि तिला चेंडू लागला की फलंदाज बाद.”